थंडीतील कोंबडीघर आणि खेळती हवा

राजस्थानातील जयपूर येथे जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरीने ८ अंश सेल्सियसच्या आसपास उतरते. अशा वेळी कोंबड्या पाळणारा मनुष्य दिवस मावळताच जाळीवर गोणपाटाचे पडदे सोडतो आणि एकही फट राहू देत नाही. हेतू दयेचा असतो; परिणाम मात्र उलटा होतो.

प्रौढ कोंबडीला अशा थंडीपेक्षा ओल अधिक बाधते. तिच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते, आणि फुगवलेल्या पिसांत हवा कोंडली, की तिला रजई पांघरल्यासारखे होते. ही रजई कोरडी असेल तोवरच ऊब देते. आता ओल येते कोठून? शंभर कोंबड्या दिवसाकाठी सुमारे २० लिटर पाणी पितात. त्यातील थोडे अंड्यांत जाते. उरलेले बहुतेक श्वासावाटे व विष्ठेवाटे घरातच परत येते. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, ५ अंशांना जेमतेम ७ ग्रॅम. म्हणूनच कोंडलेली हवा थंड पत्र्याला लागताच तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन ते खालच्या भुशावर ठिबकते.

ओल्या भुशात जंतू विष्ठेतील युरिक आम्लाचे विघटन करतात व अमोनिया वायू निघतो. श्वासनलिकेतील सूक्ष्म केस धूळ व रोगजंतू बाहेर लोटीत असतात; अमोनियाने तेच निकामी होतात. डोळे सुजतात, श्वास घरघरतो, अंडी घटतात. पहाटे दार उघडताच आपले डोळे चुरचुरले, तर कोंबड्यांनी रात्रभर काय सोसले ते समजावे.

उपाय स्वस्त आहे. पडदा वरून सोडण्याऐवजी खालून वर चढवावा आणि दोन्ही लांब बाजूंना वळचणीखाली सुमारे एक फूट जागा उघडी ठेवावी. उबदार दमट हवा हलकी असल्याने तेथून निघून जाते. बाहेरून येणारी हवा थंड खरी, पण तीत बाष्प थोडे असते. आत उबली, की ती ओल शोषून घेते. मात्र वाऱ्याचा झोत दांडीवर बसलेल्या पक्ष्यांना लागता कामा नये. त्याने पिसे विस्कटून कोंडलेली ऊब निघून जाते. (१७९९ साली हवामहाल उभारणाऱ्या नगरीला वारा खेळविण्याची कला नवी नाही!) मूठभर भुसा दाबून पाहावा: गोळा झाला तर ओल फार आहे.

पिलांसाठी कोळशाची शेगडी ठेवणाऱ्याने ही वरची फट कधीही बुजवू नये. कोंडलेल्या जागेत कोळशापासून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि डोळेही चुरचुरत नाहीत.