आधी सावली, मग मलम

दिवाळीची सुटी लागली, की बोईसर स्टेशनावर उतरणाऱ्या मंडळींच्या पिशव्यांतून हल्ली एक नवीन वस्तू डोकावते. पूर्वी चिवड्याचा डबा, पाण्याची बाटली, मुलांचे जादा कपडे आणि वाळूत खेळायला एखादे जुने पातेले एवढ्यावर सहल भागत असे. आता त्यांत सनस्क्रीनच्या ट्यूबची भर पडली आहे. रिक्षा नवापूरच्या किनाऱ्याशी थांबते, चटई पसरली जाते आणि एक लहानशी चकमक सुरू होते. आई पोराच्या गालावर पांढरे बोट ओढते, पोर मान फिरवते, बाप म्हणतो, "अगं, आपण काय विलायतेत आहोत? आम्ही लहानपणी दिवसभर उन्हात हुंदडलो, काय झालं आम्हांला?" आजी बरोबर असली तर तिचे निराळेच. तिला वाटते, उन्हाने हाडे घट्ट होतात, तेव्हा बाळाला खुशाल ऊन खाऊ द्यावे.

हा संवाद मी या किनाऱ्यावर इतक्यांदा ऐकला आहे, की तो मला पाठ झाला आहे. गंमत अशी, की तिघांचेही थोडेबहुत खरे आहे. म्हणूनच भांडण मिटत नाही, आणि मूल तेवढ्यात उघड्या अंगाने पाण्याकडे पसार होते!

ऊन निराळे, ताप निराळा

आपण ऊन ओळखतो ते त्याच्या चटक्याने. पण कातडीला इजा करणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला ऊनही लागत नाहीत. त्यांना अतिनील किरण म्हणतात. त्यांतल्या 'बी' जातीच्या किरणांनी कातडी भाजते. 'ए' जातीचे किरण अधिक खोल जातात आणि कातडी अकाली सुरकुतवतात. कॅन्सरच्या बाबतीत दोघांवरही ठपका आहे.

समुद्रकाठी फसगत होते ती येथेच. पश्चिमेचा वारा अंगाला गार लागतो. वाटते, ऊन काही फार नाही. पण वारा उष्णता नेतो, अतिनील किरण नेत नाही. आकाशात पातळ ढग आले तरी त्यांतून हे किरण ९० टक्क्यांहून अधिक खाली उतरतात. कोरडी वाळू त्यांतले सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के परत वर फेकतो. अर्धा मीटर खोल पाण्यातसुद्धा पृष्ठभागाच्या मानाने ४० टक्के किरण पोचलेले असतात. म्हणजे मूल कमरेइतक्या पाण्यात डुंबत आहे, तेव्हा ते उन्हातून सुटले, असे समजण्यात अर्थ नाही.

त्यातून पालघरच्या या किनाऱ्याची आणखी एक तऱ्हा आहे. येथे ओहोटीला पाणी फार दूर जाते. सावली मागे झाडांपाशी राहते आणि पाणी तिकडे क्षितिजाकडे. दोहोंच्या मध्ये नुसते उघडे, ओले, चमकणारे मैदान. मोठा माणूस पाय ओले करून परत येतो. मूल मात्र त्याच मैदानात शंख-शिंपले वेचीत दोन-दोन तास रमते.

सावलीचे घड्याळ

ऊन केव्हा कडक, हे सांगणारे घड्याळ प्रत्येक मुलाच्या पायाशीच असते. सावली मुलाच्या उंचीहून आखूड असली, तर किरण तीव्र आहेत असे समजावे. लांब असली, तर मवाळ आहेत असे समजावे. नवापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण पावणेवीस अंशांवर येते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो, आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्यातच नाहीशी होते. आणखी एक मौज सांगते. आपण 'बारा वाजता सूर्य माथ्यावर' म्हणतो. पण घड्याळ साऱ्या देशाचे एक, आणि आपण पश्चिम टोकाला. त्यामुळे मे महिन्यात आपल्याकडचे खरे माध्यान्ह बारा पस्तीसच्या सुमारास होते. बारा वाजता 'आता ऊन उतरू लागेल' म्हणणारा माणूस भर माध्यान्हाच्या आधीच मुलांना बाहेर काढतो!

मे महिन्यात आखूड सावलीचा हा काळ सकाळी साडेनऊच्या आत सुरू होतो आणि पावणेचारपर्यंत टिकतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो साधारण पावणेअकरा ते दोन असतो. दिवाळीचे ऊन मेच्या मानाने सौम्य खरे. पण इतके सौम्य नव्हे, की भर दुपारी उघड्या अंगाने खेळावे. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळा उन्हाळ्यात सकाळी भरतात, त्यांत हेच शहाणपण आहे.

तान्ह्या बाळाला काय लावावे?

माझ्या एका भाचीचा फोन आला होता. बाळ चार महिन्यांचे. "मावशी, हिला कुठलं सनस्क्रीन लावू? दुकानदार म्हणतो, पन्नासचं घ्या."

मी म्हटले, "अगं, तिला सावली लाव!"

हे थट्टेने म्हटले असले, तरी डॉक्टर मंडळींचा सल्लाही हाच आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात नेऊच नये, आणि सनस्क्रीनची सवयही लावू नये. कारण साधे आहे. बाळाची कातडी पातळ असते, आणि वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक असते. म्हणजे अंगाला लावलेले आत जिरण्याचा संभव अधिक. शिवाय एवढ्या लहान जिवाला घाम नीट येत नाही. ऊन भाजते त्याच्या आधी उष्म्याने बाळ मलूल होते. कधी निरुपाय झाला, सावली नाही, कपडा अपुरा, तर चेहरा आणि हाताची मागची बाजू एवढ्याच जागी मलमाचा अगदी थोडा हात फिरवायला हरकत नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. तळहाताला मात्र मलम नको. तो तोंडात जातो.

आपल्या घरात याला उत्तम तोड आहे, ती म्हणजे कुंची. डोके, कान आणि मानेची मागची बाजू एकदम झाकणारी अशी टोपी विलायती दुकानात शोधून मिळायची नाही. फक्त ती मऊ, पातळ सुती कापडाची हवी. साटीनची, अस्तर लावलेली कुंची बारशाच्या फोटोपुरती ठीक. पुढे कपाळावर चार बोटे झालर शिवली, की डोळ्यांवर सावलीही पडते. दुचाकीवरून किंवा बाबागाडीतून नेताना बाळावर जाड दुपटे पांघरू नये; आत हवा कोंडून भट्टी होते. उन्हाच्या दिवसांत अंगावरचे दूध वारंवार पाजावे. सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी लागत नाही.

आता आजीचे म्हणणे. उन्हाने कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार होते आणि त्याने हाडे घट्ट होतात, हे अगदी खरे. पण ते तयार करणारे किरण 'बी' जातीचे, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात तेच कमी असतात. दुपारी ते भरपूर असतात. परंतु त्या वेळी बाळाला भाजल्याशिवाय राहणार नाहीत. या पेचातून वाट अशी, की इंडियन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स ही आपल्या बालरोगतज्ज्ञांची संस्था पहिल्या वर्षी बाळाला रोज ४०० एकक 'ड' जीवनसत्त्व देण्याची शिफारस करते. ते थेंब डॉक्टरांना विचारून द्यावेत आणि आजीने कोवळ्या उन्हात घटकाभर बाळाला घेऊन बसण्याचे सुखही खुशाल घ्यावे.

काविळीच्या बाळाला उन्हात ठेवतात, त्याचीही कथा ऐकण्यासारखी आहे. १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्समधील रॉचफर्ड रुग्णालयात वॉर्ड नावाच्या परिचारिकेच्या ध्यानात आले, की उन्हात फिरवून आणलेल्या बाळाच्या अंगाचा उघडा भाग कमी पिवळा दिसतो. त्यावरून डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली दिव्याचा उपचार प्रसिद्ध केला. आज दवाखान्यात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात ते त्यामुळे. तो गुण निळ्या प्रकाशाचा आहे, अतिनील किरणांचा नव्हे. म्हणून काविळीच्या बाळाला अंगणातल्या उन्हावर सोपवू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

मलम कोणते, आणि किती?

सहा महिन्यांपुढच्या मुलाला मलम लावावे, पण ते कपड्याने न झाकलेल्या जागेपुरते. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेले असावे, म्हणजे दोन्ही जातींचे किरण अडतात. एस.पी.एफ. ३० किंवा अधिक असावा. आणि घटकांत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असावे. लहान मुलांच्या नाजूक कातडीला हे सहसा झोंबत नाहीत. झिंक ऑक्साइड आपल्या घरात नवे नाही. घामोळ्यावर लावतो त्या गुलाबी कॅलामाइनमध्ये तेच असते. क्रिकेटपटू ॲलन डोनाल्डच्या चेहऱ्यावरचे पांढरे पट्टेही त्याचेच. वास नसलेले घ्यावे. फवाऱ्याची बाटली मुलांसाठी नको, कारण ते श्वासातून आत जाते. प्रथम मनगटाच्या आत थोडेसे लावून दिवसभर पाहावे.

आकड्यांच्या मोहात पडू नये. १५ चे मलम 'बी' किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवते, ३० चे ९७ आणि ५० चे ९८. आकडा वाढला, किंमत वाढली, पण फरक एका टक्क्याचा! खरा फरक पडतो तो लावण्याच्या प्रमाणाने. ही परीक्षा करताना प्रयोगशाळेत कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावतात. पाच वर्षांच्या मुलाच्या सगळ्या अंगाचे क्षेत्रफळ साधारण सात हजार चौरस सेंटिमीटर असते. निम्मे अंग उघडे धरले, तर एका वेळी सात ग्रॅम मलम पाहिजे. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब सात वेळांत संपली पाहिजे. आपल्या घरी ती दोन उन्हाळे पुरते! बोटभर मलम साऱ्या अंगाला पुसून ५० आकड्याचे संरक्षण मिळत नाही.

मलम बाहेर पडण्याच्या १५ ते ३० मिनिटे आधी लावावे. कान, मानेची मागची बाजू, पायांची पावले आणि गुडघ्यांची मागची बाजू हटकून राहून जाते. दर दोन तासांनी, आणि पाण्यातून आल्यावर अंग पुसले की लगेच, पुन्हा लावावे. रात्री साबणाने धुऊन टाकावे. खोबरेल तेलावर या कामी भिस्त ठेवू नये; ते कातडी मऊ ठेवते, ऊन पुरेसे अडवीत नाही.

आता हिशेब पाहा. त्याच मुलाला पुऱ्या बाह्यांचा सदरा, पायजमा आणि रुंद काठाची टोपी घातली, की मलम लागते फक्त चेहऱ्याला, मानेला, हातांना आणि पावलांना. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला ही वाट परवडते आणि ती अधिक खात्रीची आहे; कपडा दोन तासांनी पुसून जात नाही. कापड उजेडाकडे धरून पाहावे. पलीकडचे स्पष्ट दिसले, तर ऊनही पलीकडे जाते. विरळ पांढरा बनियन ओला झाला, की आणखीच निकामी होतो. पाण्यात खेळायला घट्ट विणीचा, गडद रंगाचा कपडा बरा.

गोरेपणाचा घोळ

आणि आता जे सांगायचे ते जरा स्पष्टच सांगते. फोनवर भाचीचे दुसरे वाक्य होते, "मुलगी आहे ना मावशी, काळवंडायला नको." आपल्याकडच्या कितीतरी ट्यूबा याच भीतीने विकत घेतल्या जातात. सनस्क्रीनने मूल गोरे होत नाही. मुळात आपल्या सावळ्या कातडीतला रंग हीच निसर्गाने दिलेली ढाल आहे. गोऱ्या लोकवस्तीच्या ऑस्ट्रेलियात कातडीच्या कॅन्सरने कहर केला, म्हणून तेथे १९८१ साली सदरा घाला, मलम लावा, टोपी चढवा अशी मोहीम निघाली. त्यांच्या तुलनेत आपल्याकडे हा रोग पुष्कळच कमी आहे. बापाचे म्हणणे खरे आहे ते एवढ्यापुरते.

पण ढाल असली, म्हणजे वार लागतच नाही असे नव्हे. सावळे मूल उन्हाने भाजले, तर लाल दिसत नाही, म्हणून आईबापांना कळत नाही. कातडी गरम आणि ताणलेली लागते, आंघोळीच्या पाण्याने मूल ओरडते, चार दिवसांनी साल निघते. अशा वेळी गार पाण्याची फडकी ठेवावीत, पाणी पाजावे. बर्फ आणि टूथपेस्ट लावू नये. फोड आले, ताप आला किंवा मूल वर्षाच्या आतले असले, तर सरळ डॉक्टर गाठावा.

आणि ज्यांना ही ढाल मिळालेलीच नाही, त्यांचे काय? काही मुले जन्मतःच रंगद्रव्यावाचून येतात. केस पांढरे, कातडी पांढरी, डोळ्यांना उजेड सोसत नाही. शेजारीपाजारी त्यांना 'इंग्रज' म्हणून चिडवतात. या मुलांना सनस्क्रीन हे औषधच आहे, रोजचे, बारमाही. टांझानियातल्या मोशी येथील वैद्यकीय केंद्रात अशा लोकांसाठी 'किलीसन' नावाचे सनस्क्रीन मुद्दाम तयार करून वाटले जाते. आपल्या वर्गात, आपल्या आळीत असे मूल असेल, तर मैदानावरची कवायत त्याला सावलीतून करू द्यावी आणि टोपी काढण्याची सक्ती करू नये. गोरेपणासाठी घेतलेल्या दहा ट्यूबांपेक्षा या एका मुलाच्या हाती पडलेली ट्यूब अधिक मोलाची.

या दिवाळीत नवापूरला येणार असाल, तर दुपारची भाकरी घरी किंवा झाडाखाली खा, मुलांना झोपवा आणि चारच्या पुढे वाळूवर उतरा. सावल्या तोवर उंचीच्या दुप्पट झालेल्या असतात. सूर्य बुडतो सहाच्या सुमारास. म्हणजे किल्ला बांधायला, तो लाटेने मोडायला आणि पुन्हा बांधायला चांगले दोन तास हाती राहतात. ट्यूब पिशवीत असू द्या. एखाद्या दिवशी बेत चुकतो, तेव्हा ती कामी येईलच.