चाराचं घ्यावं की सहाचं?

विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन ज्यानं ऐकलंय, त्याला या लेखातली निम्मी गोष्ट आधीच ठाऊक आहे. वीज शिवारात पोचली नव्हती तेव्हा जतकडचं पाणी त्याच इंजिनावर वर यायचं. धड... धड... धड, आणि प्रत्येक दोन ठोक्यांच्या मध्ये थोडी मोकळी जागा. सिलिंडरच्या संख्येचा सगळा विषय त्या मोकळ्या जागेचा आहे.

हवा आत ओढायची, ती दाबायची, पेट घ्यायचा, धूर बाहेर टाकायचा. या चार कामांसाठी पिस्टनच्या चार धावा लागतात, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्या. जोर मिळतो तो फक्त पेटाच्या धावेत. उरलेल्या तीन धावा उलट जोर खातात. मिनिटाला ६५० फेऱ्या घेणारं सावकाश इंजिन त्यामुळं मिनिटाला ३२५ ठोकेच देतं. मधल्या काळात ते बंद का पडत नाही? कारण बाजूला ते जड चाक असतं, फ्लायव्हील. ठोक्याच्या वेळी ते जोर साठवतं आणि पुढच्या तीन धावा ओढून नेतं.

मोटारीत एवढं जड चाक बसवणं परवडत नाही, म्हणून सिलिंडर वाढवतात. उखळात एकटी बाई कांडत असेल तर मुसळ वर जाईपर्यंत उखळ रिकामं. दोघी-तिघी आळीपाळीनं कांडू लागल्या की घाव सलग पडतात. दोन फेऱ्यांचे अंश ७२०. तीन सिलिंडर असतील तर दर २४० अंशांनी एक पेट, चार असतील तर दर १८० अंशांनी, सहा असतील तर दर १२० अंशांनी. पिस्टनची एक धाव १८० अंशांची. म्हणजे तिनाच्या इंजिनात एक ढकल संपल्यावर ६० अंश कुणीच ढकलत नाही. चाराच्या इंजिनात एक संपते तिथं दुसरी सुरू होते. सहाच्या इंजिनात पहिली संपायच्या आतच दुसरीनं हात लावलेला असतो. सहाच्या गाडीला मऊ म्हणतात ते यामुळं.

दुसरी बाब थरथरीची. तिनाचं इंजिन पुढून-मागून डोलतं, कारण टोकाचे पिस्टन जोडीनं वर-खाली होत नाहीत. चाराच्या इंजिनात दोन वर, दोन खाली असतात, तरी कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळं वरच्यांचा आणि खालच्यांचा वेग नेमका जुळत नाही, म्हणून बारीक गुणगुण उरते. एका रांगेतल्या सहांच्या इंजिनात हे सगळे झटके एकमेकांना खाऊन टाकतात.

हे वाचून सहाची गाडी शोधायला निघालात तर जत, कवठेमहांकाळ आणि मिरज पालथं घातलं तरी ती क्वचितच दिसेल. आपल्याकडं ज्यांना मोठ्या गाड्या म्हणतात त्यासुद्धा चाराच्याच आहेत. जुनी इनोव्हा २४९४ सीसी, चार सिलिंडर. एमहॉक स्कॉर्पिओ २१७९ सीसी, चार. फॉर्च्युनर तीन लिटरची घ्या नाहीतर २.८ची, चारच. फोर्ड एंडेव्हर ३.२ला पाच आहेत, तो अपवाद. मोटारीतला सहाचा मामला बहुतेक बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि ऑडीच्या वरच्या मॉडेलांपुरता. सहाचं इंजिन आपण रोज बघतो ते ट्रकमध्ये. टाटाच्या ४९७ आणि ६९७ या इंजिनांच्या नावातच हिशेब आहे. पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचे, ९७ मिलिमीटर. पिस्टनची धाव १२८ मिलिमीटर. बोअरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले धाव केलं तर एका सिलिंडरचे साधारण ९४६ सीसी येतात. चारांचे ३७८३, सहांचे ५६७५. भांडं तेच, फक्त दोन वाढवलेली. त्याच भांड्यानं जास्त माल ओढायचा असेल तर सहा हवेतच.

गाडीच्या बाजारात आपला खरा प्रश्न असतो तो तीन की चार. मारुती ८०० तिनाची होती आणि तिनं देश चालवला, म्हणून तिनाला हलकं समजायचं कारण नाही. जुनी बोलेरो २५२३ सीसी, चाराची. २०१६ साली आलेली बोलेरो पॉवर प्लस १४९३ सीसी, तिनाची, आणि लांबी चार मीटरच्या आत, कारण तेवढ्या लांबीला कर कमी. डाळिंबाचे क्रेट भरून वाट्टेल त्या रस्त्यानं जायचं असेल तर मी जुन्या चाराकडं झुकेन. घरची चार माणसं घेऊन सांगलीला जायचं असेल तर तिनानं काही बिघडत नाही. स्विफ्ट डिझेलचं १२४८ सीसीचं मूळ फियाटचं इंजिन चाराचंच, पण एका सिलिंडरला जेमतेम ३१२ सीसी. ते मारुती, टाटा, फियाट अशा कितीतरी गाड्यांत बसलं, म्हणून त्याचं काम न येणारा डिझेल मिस्त्री शोधूनच काढावा लागेल. जुन्या गाडीत हा गुण सिलिंडरच्या संख्येपेक्षा मोठा.

आता खर्च. सिलिंडर दोन वाढले की नोजल दोन वाढतात, हीटर प्लग दोन वाढतात, चाराच्या १६ व्हॉल्व्हचे २४ होतात, ऑइलही जास्त लागतं. हे सगळं दीडपट धरून भागत नाही, कारण भाग महागड्या गाडीचे असतात. जागा अडचणीची असते, आणि अडचणीची मजुरी भागापेक्षा जड होते. बीएमडब्ल्यूच्या एन ५७ या सहाच्या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन मागं, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती बदलायची तर आधी गिअरबॉक्स तरी उतरवा नाहीतर इंजिन तरी. दहा वर्षं जुनी अशी गाडी नव्या स्विफ्टच्या किमतीत मिळते, पण तिचा सांभाळ नव्या बीएमडब्ल्यूच्याच भावानं होतो.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. सहाचं इंजिन दुखणं लपवतं. तिनातला एक सिलिंडर मेला तर तिसरा हिस्सा ताकद गेली. गाडी अशी हलते की शेजारी बसलेल्यालाही कळतं. सहातला एक अर्धवट मेला तर गाडी थोडी जड वाटते, एवढंच. घेणाऱ्याला वाटतं, रस्ता खराब आहे.

म्हणून गाडी बघायला सकाळी जा, आणि इंजिन थंड ठेवायला आधीच सांगा. गेल्यावर बोनेटला हात लावा. गरम लागला तर मालकानं आधी चालू करून ठेवली आहे. का, ते विचारा. थंड इंजिन चालू होताना किती वेळ घेतं, धूर कोणता येतो ते बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जात असेल किंवा डिझेल न जळता बाहेर पडत असेल. जोर दिल्यावर काळा येत असेल तर नोजल किंवा हवेचा फिल्टर बघायला हवा. मग ऑइल भरायचं झाकण सैल करा. वाफेचे जोरदार झोत येऊन झाकण उडायला लागलं तर रिंगा आणि बोअर गेलेत, इंजिन काम जवळ आलंय.

मिस मारते का हे बघायला जुने मिस्त्री एकेका नोजलची नळी सैल करून बघायचे. ज्या नळीनं फरक पडला नाही तो सिलिंडर मेलेला. कॉमन रेल, म्हणजे नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात हे कधीही करू देऊ नका. तिथं दाब १६०० बार किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो आणि डिझेलची बारीक चिळकांडी कातडीत घुसते. स्कॅनर लावला की प्रत्येक सिलिंडर किती काम करतोय ते दिसतं. तिनाच्या गाडीत इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशनही तपासा. उभ्या गाडीत आरसे आणि स्टिअरिंग जास्त थरथरत असतील तर अनेकदा इंजिन बरं असतं, गेलेलं असतं ते फाउंडेशनचं रबर. ते स्वस्तात बदलतं, आणि भाव पाडायला उपयोगी पडतं.

जतचा एक जादा मुद्दा सीमेचा. विजयपूरकडची केए २८ची गाडी अनेकदा स्वस्त वाटते. तिला तिथल्या आरटीओची एनओसी लागते, म्हणजे फॉर्म २८, आणि इथं एमएच १० पासिंग करताना महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो किमतीत धरूनच बोला. आरसीवर इंजिन नंबर, सीसी आणि सिलिंडरची संख्या लिहिलेली असते. नंबर इंजिनावरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. जुळला नाही, तर गाडी कितीही मऊ चालली तरी परत फिरा.