झडपेच्या स्प्रिंगचा धारक : सुधारित मोटार-एंजिनातील निवडीची तत्त्वे

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले व १९४९ साली नामकरण झालेले उल्हासनगर, १९५३ साली अंबरनाथ येथे स्थापन झालेला यंत्रावजारांच्या नमुन्यांचा सरकारी कारखाना आणि पुढे वाढलेल्या औद्योगिक वसाहती यांमुळे या पट्ट्यात लेथवर काम करणाऱ्या लहान कार्यशाळा रुजल्या. कुर्ला येथील कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. अशा जुन्या गाडीचा एखादा भाग मिळेनासा झाला, की नमुना हाती घेऊन तसाच भाग घडवून घ्यावा हा विचार साहजिक होय. झडपेच्या स्प्रिंगच्या धारकाबाबत, म्हणजे कारागीर ज्यास रिटेनर म्हणतात त्याबाबत, मात्र हा मार्ग फसवा आहे; विशेषतः एंजिनात फेरफार केलेला असेल तर.

धारक ही बशीच्या आकाराची लहानशी चकती. तिच्या मधल्या निमुळत्या छिद्रात लॉक नावाच्या दोन अर्धवर्तुळाकार पाचरा बसतात व त्या झडपेच्या दांड्यावरील खाचेत अडकतात. स्प्रिंग चकतीला वर रेटते, चकती पाचरांना दाबते व पाचरा दांडा धरून ठेवतात. ही पकड सुटली तर झडप सिलिंडरात पडते, दट्ट्या तिच्यावर आदळतो आणि सारे एंजिन निकामी होते. म्हणून धारक हा सुटा भाग नसून दांडा, पाचरा, स्प्रिंग व झडपेचा मार्गदर्शक यांना जोडणारा सांधा आहे, असे समजूनच त्याची निवड केली पाहिजे.

पहिली कसोटी कोनाची. पाचरेचा उतार अक्षाशी सामान्यतः सुमारे ७ अंश असतो. शर्यतीच्या काही भागांत तो १० अंश असतो. हा भेद डोळ्यांस जाणवत नाही. परंतु कोन जुळले नाहीत तर पाचर पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका कडेवरच टेकते, ताण तेथे एकवटतो व धारकास भेग पडते. शिवाय पकड घेणाऱ्या पाचरांच्या दोन अर्धांमध्ये फट राहावी लागते, तर अनेक खाचांच्या प्रकारात दोन्ही अर्ध एकमेकांस भिडतात व झडप सावकाश फिरू शकते. एका प्रकारच्या पाचरा दुसऱ्या प्रकारच्या दांड्यावर चालत नाहीत.

दुसरी कसोटी उंचीची. उदाहरणादाखल असे समजू, की बंद झडपेवर स्प्रिंगची उंची ३८ मि. मी., कॅममुळे होणारी झडपेची उचल ९ मि. मी. आणि सर्व वेढे भिडल्यावरची उंची २७ मि. मी. आहे. पूर्ण उघडीक असता उंची २९ मि. मी. उरते, म्हणजे २ मि. मी. वाव राहतो. आता नव्या कॅममुळे उचल १० मि. मी. झाली आणि नव्या धारकाची बैठक १ मि. मी. खाली आली. हे दोन्ही फरक एकेकटे निरुपद्रवी. एकत्र येताच वाव शून्य होतो. स्प्रिंग मग स्प्रिंग राहत नाही, तो भरीव खांब होतो व त्याचा मार दंड, रॉकर व कॅम यांवर बसतो. उलट बैठक १ मि. मी. वर गेली व स्प्रिंगचा ताठरपणा मि. मी. ला ३० न्यूटन असला, तर झडप मिटवणारे बल तेवढ्यानेच घटते.

तिसरी कसोटी वस्तुमानाची. जडत्वाचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला ५००० फेऱ्यांवरून ६५०० फेऱ्यांवर गेल्यास वेग १.३ पट, पण बल १.६९ पट होते. स्प्रिंग अपुरी पडली की झडप कॅमचा पाठलाग सोडून तरंगू लागते. धारक झडपेबरोबर तिच्या पूर्ण वेगाने हलतो, म्हणून त्याचा प्रत्येक ग्रॅम मोजला जातो. टायटेनियमची घनता पोलादाच्या सुमारे ५६ टक्के असल्याने तो धातू शर्यतीत मोलाचा ठरतो; परंतु त्याचा पृष्ठभाग स्प्रिंगच्या घर्षणाने लवकर झिजतो. रोजच्या गाडीस योग्य प्रकारे कठीण केलेले मिश्र पोलाद अधिक भरवशाचे. साध्या नरम पोलादी गजातून कातलेली व आतील कोपऱ्यास गोलाई न दिलेली प्रतिकृती मापात बिनचूक असूनही थकव्याने तुटू शकते.

शेवटी दोन अंतरे पाहावयाची असतात : पूर्ण उघडीक असता धारकाचा तळ व मार्गदर्शकावरील तेलरोधक यांमधील, आणि धारकाची कड व रॉकर यांमधील. रॉकर दांड्याऐवजी धारकावर दाबू लागला तर पाचरा सैल होतात.

यावरून निवडीचा क्रम ठरतो. प्रथम कॅम व झडप, मग त्यांस अनुरूप स्प्रिंग आणि सर्वांत शेवटी धारक. जोडणीनंतर क्रँकदंड हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून प्रत्येक झडपेवरील अंतरे मोजावीत, कारण कॅमचे एक आवर्तन तेवढ्यातच पूर्ण होते. कुशल टर्नर हुबेहूब आकार देऊ शकतो. पण नमुना स्वतः ज्या एंजिनासाठी योग्य होता ते एंजिन फेरफारानंतर तेच राहिलेले नसते. म्हणून अशा कामात नक्कल नमुन्याची नव्हे, तर मोजलेल्या गरजेची करावयाची असते.