मुके दुखणे ओळखताना : देवणी आणि लाल कंधारी जनावरांतील ताण व आजार

लातूर जिल्ह्यातील देवणी आणि उदगीरच्या परिसरात देवणी, तर नांदेड जिल्ह्यातील कंधार, मुखेड आणि लोहा या तालुक्यांत लाल कंधारी हे गोवंश पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले आहेत. देवणी दूध आणि शेतीकाम अशा दोन्ही उपयोगांची असून अंगावरील रंगखुणांवरून तिचे बालंक्या, वानेरा आणि शेवेरा असे तीन प्रकार मानले जातात. लाल कंधारी गडद तांबड्या रंगाची आणि मुख्यतः ओढकामासाठी नावाजलेली आहे. हलक्या चाऱ्यावर आणि मराठवाड्याच्या उन्हात तग धरणारी म्हणून या जनावरांना काटक म्हटले जाते व ते रास्तही आहे. मात्र काटक जनावर आजारी पडतच नाही असा समज गोठ्यात रुजला, की दुखणे लक्षात येईपर्यंत उपचाराची वेळ निघून जाते.

गाय-बैल हे मूळचे कळपात राहणारे आणि हिंस्र पशूंचे भक्ष्य ठरणारे प्राणी असल्यामुळे अशक्तपणा उघड न करणे हा त्यांच्या स्वभावाचा भाग आहे. उंदरांतही हीच प्रवृत्ती आढळते. म्हणूनच 2010 मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदराचे मिटलेले डोळे, फुगलेले गाल आणि कान व मिशांची ठेवण यांवरून वेदनेची तीव्रता जोखण्याची पद्धत मांडली. पुढे 2015 मध्ये डेन्मार्कमधील अभ्यासकांनी गायीच्या वेदनामुद्रेचेही वर्णन केले. कान मागे ताठरलेले किंवा खाली पडलेले असणे, नजर ताणलेली अथवा हरवलेली दिसणे आणि नाकपुड्या ताणल्या जाऊन त्यांच्यावर सुरकुत्या उमटणे, या त्यातील प्रमुख खुणा होत.

आजार ओळखायचा तर आधी निरोगी जनावराची रोजची रीत माहीत असावी लागते. निरोगी गाय दिवसाकाठी साधारण 7 ते 8 तास रवंथ करते, म्हणजे गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून बारीक चावते. रवंथ मंदावणे किंवा थांबणे ही बहुतेक आजारांची आरंभीची खूण असते. निरोगी गायीची नाकपुडी ओलसर असते, विश्रांतीत असताना श्वास मिनिटाला सुमारे 15 ते 30 वेळा चालतो आणि गुदद्वारात तापमापक ठेवून घेतलेले तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरेनहाइट असते. शेण फार घट्ट किंवा पातळ होणे, दूध एकाएकी घटणे, दावणीतला कडबा तसाच राहणे आणि जनावराने इतरांपासून दूर उभे राहणे, यांपैकी एक बदलही दुर्लक्षिण्याजोगा नसतो.

ताण हा स्वतः आजार नसला तरी तो दीर्घकाळ टिकल्यास शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण होते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, इतकी टंचाई या भागाने सोसली आहे. अशा उन्हाळ्यात जनावरांना उष्णता आणि अपुरे पाणी यांचा ताण एकाच वेळी सहन करावा लागतो. श्वास मिनिटाला 60 च्या वर जाणे, तोंड उघडे ठेवून धापा टाकणे, लाळ गळणे आणि सावलीतून न हलणे ही उष्णतेच्या ताणाची लक्षणे होत. मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच पूर्ववत झाली नाही आणि डोळे खोल गेलेले दिसले, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे असे समजावे. बाजारासाठी गाडीतून दाटीने केलेला प्रवास, अनोळखी गोठा आणि वासराची ताटातूट यांचाही ताण येतो, म्हणून माळेगावच्या यात्रेसारख्या ठिकाणाहून आणलेले जनावर काही दिवस वेगळे बांधून त्याच्यावर लक्ष ठेवणे हिताचे असते.

काही आजार जनावराच्या उभे राहण्यावरूनच ओळखू येतात. डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांच्या मागचा खळगा, फुगून वर आली तर पोटफुगीची शंका घ्यावी. चाऱ्यासोबत तार किंवा खिळा पोटात गेलेले जनावर पाठीची कमान करून, पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढून उभे राहते आणि उतारावर चालायला कचरते. तिव्यात, म्हणजे डासांसारख्या कीटकांमुळे पसरणाऱ्या तीन दिवसांच्या तापात, अंग आखडते आणि लंगडणे एका पायावरून दुसऱ्या पायावर जाते. घटसर्पात घशाला सूज येऊन श्वास घरघरतो, तर लम्पी त्वचारोगात तापानंतर अंगावर घट्ट गाठी उठतात. बैल वारंवार डोके हलवू लागला, एक शिंग कलले किंवा एकाच नाकपुडीतून रक्त येऊ लागले, तर शिंगाच्या कर्करोगाची तपासणी तातडीने करून घ्यावी, कारण आरंभी शस्त्रक्रियेने त्यावर इलाज होऊ शकतो.

ही लक्षणे ओळखणे म्हणजे निदान करणे नव्हे. ते पशुवैद्यकाचे काम आहे आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने या भागाला तज्ज्ञांचा आधारही जवळ आहे. पशुपालकाचे काम बदल वेळीच टिपण्याचे आहे. सकाळ-संध्याकाळ चारा घालताना कान, डोळे, नाकपुडी, भकाळी आणि शेण यांवर नजर टाकावी, शंका येताच जनावर वेगळे बांधावे, सावली व स्वच्छ पाणी द्यावे, डाग देण्यासारखे अघोरी उपाय कटाक्षाने टाळावेत आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाशी विनाविलंब संपर्क साधावा. या दोन गोवंशांचा मराठवाड्याला अभिमान आहे, आणि गोठ्यातली ही रोजची दक्षता त्या अभिमानाइतकीच आवश्यक आहे.