प्राचार्यांचे दप्तर

वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे अलाबामातील टस्कीगी हे नाव मराठी घरांत पोहोचले. मला मात्र कुतूहल आहे ते १८९६ मध्ये कार्व्हरना तेथे बोलावून घेणाऱ्या प्राचार्यांचे. बुकर टी. वॉशिंग्टन जन्माने गुलाम. १८८१ पासून १९१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ही संस्था चालविली.

मोठे देणगीदार गोरे, राज्यकर्तेही गोरे. संस्था जगवायची तर तोंडात साखर हवीच. कृष्णवर्णीयांनी आधी हुन्नर शिकावेत, समतेसाठी घाई करू नये, असे ते १८९५ मध्ये अटलांटात बोलले. त्यावर कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांनी १९०३ मध्ये कडक टीका केली.

वॉशिंग्टन यांचे कागदपत्र पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले. लुई हार्लन यांच्या संपादनाखाली १९७२ ते १९८९ या काळात त्यांचे चौदा खंड निघाले. त्यांत वेगळेच प्राचार्य भेटतात! कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावणाऱ्या अलाबामाच्या राज्यघटनेविरुद्धच्या खटल्यांना ते गुपचूप पैसा पुरवीत होते. त्यांचे चिटणीस आणि वकील एकमेकांना टोपणनावांनी पत्रे लिहीत. मताधिकाराचे ते खटले १९०३-०४ मध्ये हरले.

विरोधकांवर हेर ठेवल्याच्या खुणाही याच दप्तरात आहेत. म्हणून मी त्यांना देव्हाऱ्यात बसवणार नाही. पण हयातीत जी बाजू त्यांना उघड सांगता आली नाही, ती अखेर जुन्या कागदांनी सांगितली. आपल्या शाळा-कॉलेजांची जुनी दप्तरे रद्दीत घालण्यापूर्वी एवढे आठवावे.