पडद्याची खिडकी कशी होते?

नऊ महिन्यांच्या बाळापुढे चित्रांचं पुस्तक उघडा आणि नुसतं त्याच्या हाताकडे बघत बसा. पानावर दुधाच्या बाटलीचा फोटो आहे. बाळ आधी तळहाताने पान थोपटतं. मग बोटं आखडून ती बाटली पानातून उचलायला जातं. जमत नाही. नखाने खरवडतं, पुन्हा चिमूट करतं. कपाळाला आठी पडलेली, ओठ पुढे काढलेले. त्या कागदावरून त्याला खरोखरची बाटली हवी असते.

ज्यूडी डीलोश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केलं. अमेरिकेतली बाळं असं करत होती. पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टमधल्या बेंग समाजातल्या, चित्रांची फारशी सवय नसलेल्या घरातली बाळंही अगदी असंच करत होती. एकोणीस महिन्यांच्या मुलांचा हात मात्र पानापाशी थांबत होता. पकडू पाहणाऱ्या मुठीतून एकच बोट बाहेर आलं होतं. ती आता चित्र उचलत नव्हती, दाखवत होती.

मुठीपासून बोटापर्यंतचा हा प्रवास दहा महिन्यांचा. तेवढ्यात बाळाला एक फार मोठी गोष्ट कळलेली असते: चित्र म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूची खूण आहे. आणि बोट दाखवायचं तर ते कुणाला तरी दाखवायचं असतं. मांडीवर घेऊन बसलेलं, ‘हो रे, बाटली ती!’ म्हणणारं कुणीतरी तिथे असतं. घरातल्या मोबाइल-टीव्हीबद्दल आपण एवढं बोलतो, पण मला वाटतं सगळी गोष्ट या मांडीपासून सुरू होते.

शेजारच्या खोलीतलं खेळणं

कागदाचं कोडं सुटलं की पडद्याचं कोडं पुढे येतं, आणि ते फार अवघड असतं. जॉर्जीन ट्रोसेथ आणि डीलोश यांनी एक साधा खेळ मांडला. दोन वर्षांचं मूल एका खोलीत टीव्हीसमोर बसलेलं. शेजारच्या खोलीत एक बाई खेळणं लपवते आणि ते मूल टीव्हीवर थेट बघतं. मग त्याला त्या खोलीत नेऊन सांगायचं, ‘शोध बरं.’

अडीच वर्षांची बहुतेक मुलं थेट जागेवर जाऊन खेळणं काढत. दोन वर्षांच्या मुलांची मात्र गडबड होई. लपवताना त्यांनी डोळे मोठे करून पाहिलेलं असे, तरी खोलीत गेल्यावर ती भलतीकडेच शोधत. हीच मुलं खिडकीतून बघत असली, तर खेळणं बिनचूक सापडे.

मग संशोधकांनी एक युक्ती केली. टीव्हीचा पडदा अशा रीतीने मांडला की मुलांना आपण खिडकीतूनच बघतोय असं वाटावं. चित्र टीव्हीचंच होतं, पण आता दोन वर्षांची मुलं खेळणं शोधू लागली! म्हणजे डोळे चांगले होते आणि स्मरणही शाबूत होतं. अडत होतं ते विश्वासापाशी. पडद्यात दिसतं ते माझ्या जगातलं आहे, त्याचा मला उपयोग आहे, हेच त्या मुलांना ठाऊक नव्हतं.

२००३ मध्ये ट्रोसेथ यांनी पुढचा प्रयोग थेट घरी नेला. दोन आठवडे मुलांनी आपल्या घरच्या टीव्हीवर स्वतःलाच थेट बघितलं. हात हलवला की पडद्यातलं मूल हात हलवतं, आई खोलीत आली की पडद्यातही येते. एवढ्यावर या मुलांना खेळणं शोधणं सोपं गेलं. पडद्याची खिडकी झाली, ती घरी झाली, आणि पडद्याने मुलाला प्रत्युत्तर दिलं म्हणून झाली.

बाळं कुणाकडून शिकतात?

मराठीत ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ लिहिताना आपण एकच च काढतो, पण उच्चारताना जीभ दोन वेगळ्या जागी टेकवतो. मराठी घरातल्या बाळाला हा फरक कुणी शिकवत नाही, तरी तो त्याच्या कानात बसतो. परक्या भाषेतल्या माणसाला मात्र तो ऐकूही येत नाही. बाळ सुरुवातीला जगातल्या भाषांचे नाना ध्वनी ओळखू शकतं. पहिल्या वर्षाच्या अखेरीस कान आपल्या घरच्या भाषेत रुळतो आणि बाकीचे फरक पुसट होऊ लागतात.

सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी नेमक्या या वळणावर एक प्रयोग केला. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी मँडरिन बोलणारी माणसं येऊन खेळली आणि गोष्टी वाचून गेली. बारा बैठकी, प्रत्येक जेमतेम पंचवीस मिनिटांची. तेवढ्याने ही बाळं मँडरिनमधले अवघड ध्वनी तैवानच्या बाळांइतके चांगले ओळखू लागली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तीच पुस्तकं, तेवढाच वेळ, पण टीव्हीवर दाखवली. ही बाळं काहीही शिकली नाहीत. मँडरिन कधी न ऐकलेल्या बाळांत आणि यांच्यात काडीचा फरक पडला नाही.

२००३ सालचा हा निष्कर्ष वाचला की मी दर वेळी थबकते. ध्वनी तेच होते, चेहरेही तेच. राहिलं होतं ते एवढंच, की बाळ हसलं तर समोरचं माणूस हसत नव्हतं. बाळाने खेळण्याकडे पाहिलं तर त्याची नजर तिकडे वळत नव्हती.

मग पडद्यावरच्या माणसाने उत्तर दिलं तर? २०१४ मध्ये अमेरिकेत दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून पाहिली. व्हिडिओ कॉलवरून बोलणाऱ्या, मुलाच्या बोलण्याला तिथल्या तिथे प्रतिसाद देणाऱ्या बाईकडून मुलं ते शब्द शिकली, जशी ती समोरासमोर शिकतात तशीच. आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. काच दोन्हीकडे सारखीच होती. फरक होता हाकेला ओ मिळण्याचा.

हे आपल्या घरांत रोज घडतं. न्यू जर्सीतला दीड वर्षाचा नातू पोळीचा तुकडा फोनच्या काचेला चिकटवतो, आणि पुण्यातली आजी ‘आ’ करून तो खाते, ‘मम्म, गोड आहे हं!’ म्हणते. नातू खूश होऊन दुसरा तुकडा आणतो. मग आजी म्हणते, ‘तुझ्यामागे काय आहे रे ते?’ आणि बोट दाखवते. इथे मूल गोंधळतं, कारण पडद्यातल्या बोटाची दिशा त्याला आपल्या खोलीत लावता येत नाही. तेवढ्यात शेजारची आई चेंडू उचलते, ‘आजी या चेंडूबद्दल विचारतेय, दाखव तिला.’ दोन खोल्या जोडल्या जातात. हजारो मैलांचा तो पूल शेवटच्या हातभर जागेत आईने पुरा केलेला असतो. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच म्हणते. अपवाद एकच, नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल. दोन ते पाच वर्षांसाठी त्यांची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास आहे.

‘आता काय होईल रे?’

मूल तीन-चार वर्षांचं झालं की आईबाबांकडे तीन वाटा असतात. नेदरलँड्सच्या पॅटी व्हाल्केनबर्ख आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्या टीव्हीच्या संदर्भात वेगळ्या करून दाखवल्या. एक, आवर घालणं: किती वेळ आणि काय बघायचं ते ठरवणं. दोन, सोबत बसून बघणं. तीन, बघितलेल्यावर बोलणं. प्रत्येक घरात तिन्ही थोड्याथोड्या असतात. आपण बोलतो मात्र बहुतेक पहिल्या वाटेबद्दल, आणि तिसरीत किती ताकद आहे ते विसरतो.

२०१३ मध्ये ट्रोसेथ यांच्याच गटाने तीन वर्षांच्या मुलांच्या आईबाबांना एक साधी सवय लावली. गोष्टीचा व्हिडिओ मध्येच थांबवायचा, मुलाला प्रश्न विचारायचा, मुलाचं उत्तर थोडं वाढवून परत सांगायचं. चार आठवड्यांनी या मुलांना गोष्टीतले शब्द जास्त आले. नुसता व्हिडिओ बघणाऱ्या मुलांपेक्षा जास्त, आणि ज्यांचे आईबाबा ‘हे बघ, ते बघ’ म्हणत पण प्रश्न विचारत नव्हते त्यांच्यापेक्षाही जास्त.

हे स्वयंपाकघरातही जमतं. आई मटार सोलतेय, शेजारी पाटावर लेक बसलाय, फोनवर अंडं उबवणारी कोंबडी आहे. अंड्याला बारीक तडा जातो. आई ओल्या बोटाने व्हिडिओ थांबवते.

‘आता काय होईल रे?’

‘फुटेल!’

‘कोण फोडतंय? बाहेरून का आतून?’

लेक गप्प होतो. पडद्याच्या अगदी जवळ जातो. त्याला आता खरंच जाणून घ्यायचं असतं. व्हिडिओ पुढे सुरू होतो, आतून इवलीशी चोच बाहेर येते आणि तो ओरडतो, ‘आतून! पिल्लूच फोडतंय!’ आई एक टपोरी शेंग त्याच्या हातात देते. ‘हिच्या आत किती दाणे असतील, सांग.’ आणि कोंबडीचं अंडं मटाराच्या शेंगेला जाऊन मिळतं. पडद्यातलं जग घरात आलं. खिडकी उघडली.

प्रश्न मुलाच्या वयाबरोबर वाढतात. साधारण आठ वर्षांपर्यंत जाहिरातीमागचा हेतू मुलांना नीटसा उमगत नाही, असं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये सांगितलं होतं. कुणीतरी मला काही विकू पाहतंय, हे त्यांना दिसत नाही. म्हणून नव्या खेळण्यांची खोकी उघडणारा व्हिडिओ मुलगी बघत असेल, तर शेजारी बसून विचारावं, ‘या ताईला रोज एवढी खेळणी कोण देत असेल गं? का देत असेल?’ उत्तर लगेच येणार नाही. पण हा प्रश्न एकदा मनात शिरला की पुढे खोटी बातमी, फसवा मेसेज, अनोळखी माणसाची विनंती यांच्यासमोरही तोच उभा राहतो: हे कोण सांगतंय, आणि कशासाठी?

सॉनिया लिव्हिंगस्टन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये युरोपातल्या आठ देशांतल्या, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या पालकांचा अभ्यास मांडला. बंधनं घातली की धोके कमी होतात, पण इंटरनेटवर शिकण्याच्या संधीही कमी होतात. बोट धरून वाट दाखवली की संधी वाढतात, आणि त्यासोबत थोडे धोकेही येतात. विहिरीत पोहायला शिकवण्यासारखंच हे. आधी कमरेला भोपळा किंवा दोर, काठावर बाबा. मग दोर हळूहळू सैल. काठावरचं माणूस मात्र लगेच उठून जात नाही.

सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचं वडगाव नावाचं सुमारे तीन हजार वस्तीचं गाव आहे. कोविडमध्ये शाळा फोनवर आल्या, शाळा परत उघडल्या तरी फोन हातातच राहिले. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावाने ठरवलं, की संध्याकाळी सातला भोंगा वाजेल, घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद होतील, आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत ते बंद राहतील. दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट भोंगा वाटत नाही. कल्पना पहिल्यांदा मांडली तेव्हा पुरुषांनी ती हसण्यावारी नेली होती. मग गावातल्या बायका एकत्र आल्या. आपणही मालिका फार बघतो, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं आणि बंद करायचं तर सगळ्यांनीच करायचं, याला होकार दिला. मुलांच्या हातातला फोन काढून घेण्याआधी मोठ्यांनी आपल्या हाताकडे बघितलं.

यामागेही शास्त्र आहे. एक ते तीन वर्षांची मुलं खेळत असताना खोलीत मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावून ठेवला, असा एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं टीव्हीकडे फारसं बघतही नव्हती. तरी त्यांचा खेळ तुटक झाला, एका खेळण्यात रमण्याचा वेळ घटला. दुसऱ्या अभ्यासात दिसलं, की असा टीव्ही चालू असला की आईबाबा मुलांशी कमी बोलतात. म्हणजे मुलाकडे वळणारी आपली नजरच पडदा आधी पळवतो.

वडगावचा भोंगा साडेआठला पुन्हा वाजतो आणि पडदे पुन्हा उजळतात. उजळू देत. फक्त त्या वेळी मुलाच्या शेजारी जागा करून बसावं. व्हिडिओत अंड्याला तडा जाईल, मूल वळून आपल्याकडे बघेल आणि त्याचं ते इवलंसं बोट पडद्याकडे जाईल. त्या बोटाला आपण ओ द्यायची.