सरकीची लव आणि तीन मिनिटांचं तेजाब

रिद्धपूर म्हटलं की महानुभावांचं तीर्थ आणि लीळाचरित्र आठवतं. पण मोर्शी तालुक्यातल्या या गावाचं शिवार कपाशीचं आणि संत्र्याचं. पेरणीच्या दिवसांत इथे बियाण्याचं पाकीट फोडलं की गुळगुळीत, सुटीसुटी सरकी हातावर येते. जिनिंगमधून निघालेली सरकी मात्र अशी नसते. रुई काढून घेतली तरी तिच्या अंगावर आखूड, पांढुरकी लव उरतेच आणि दाण्याला दाणा चिकटतो. म्हणून जुने शेतकरी सरकी शेणमातीत चोळून मगच सरत्यातून सोडत.

आज ती लव गंधकाम्ल उतरवतं. थोड्या बियाण्यासाठीची रीत बघण्यासारखी आहे. प्लास्टिकच्या भांड्यात किलोभर सरकी, तिच्यावर साधारण 100 मिलि संहत आम्ल, आणि लाकडी दांड्याने दोन-तीन मिनिटं ढवळणं. दाणे काळपट होऊन चकाकू लागले की क्षणाचाही उशीर न करता भरपूर पाणी. चार-पाचदा धुवायचं, उरलंसुरलं आम्ल चुन्याच्या निवळीने मारायचं. वर तरंगतात ते पोचट दाणे, तळाला बसतात ते पेरणीचे. निवडही फुकटात होते!

आता तेच आम्ल दहा टक्क्यांचं करा. तीन मिनिटांत लव फक्त भिजते.

असं का? कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. दोन कड्या सांधणाऱ्या ऑक्सिजनवर आम्लातला हायड्रोजन आयन येऊन बसला की सांधा ढिला होतो. आयनांची दाटी जितकी जास्त, तितके दर सेकंदाला जास्त सांधे निखळतात. बीजकवच टणक असल्याने ते जरा जास्त तग धरतं, पण जरा जास्तच. लव आधी संपते की आम्ल आत अंकुरापर्यंत आधी पोचतं, अशी ही शर्यत आहे. साखरेच्या रेणूतला असाच सांधा आम्लाने किती वेगाने तुटतो, हे जर्मनीच्या लुडविग विल्हेल्मीने 1850 मध्ये मोजलं आणि वेगाचं गणित पहिल्यांदा कागदावर मांडलं.

खरी गंमत कारखान्यांत आहे. तिथे सुमारे दहा टक्क्यांचंच विरल आम्ल वापरतात. सरकी त्यात भिजवतात, जादा आम्ल निथळून घेतात आणि गरम हवेच्या फिरत्या पिंपात टाकतात. पाणी उडून जातं, आम्ल उडत नाही. ते लवेवरच संहत होत जातं, लव ठिसूळ होते आणि घासली की झडते. आम्लही वाचतं, धुण्याचं पाणीही. मला तर ही युक्ती कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या आलेखापेक्षा देखणी वाटते.

‘जितकं संहत तितकं जलद’ हा नियम मात्र डोळे झाकून वापरू नका. विरल गंधकाम्ल लोखंड खातं, 98 टक्क्यांचं मात्र पोलादी टँकरमधून निर्धास्त हिंडतं. त्यात पाणी जवळजवळ नसतं आणि पोलादावर सल्फेटचा थर धरतो.

गंधकाम्लाला घरी हात लावू नका. शहाबादी फरशीचे दोन सारखे तुकडे घ्या, एकावर निव्वळ लिंबाचा रस आणि दुसऱ्यावर दसपट पाणी घातलेला रस टाका, आणि बुडबुडे कुठे जोरात येतात ते बघा.